चाकांवरचे घर आणि परठवण्याचा विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कासारवाडीच्या दारावरून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता हा पूर्वापार प्रवाशांचा रस्ता आहे. ज्येष्ठ महिन्यात संत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी या मार्गाने पुण्याकडे जाते. चातुर्मास संपला की साधु-साध्वींचा विहार याच रस्त्याने होतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाच्या शोधात आलेला परगावचा मुलगा पाठीवर एकच पिशवी घेऊन या परिसरात प्रथम पाऊल टाकतो. शिखरजी, पालीताणा, श्रवणबेळगोळ येथे निघालेल्या यात्रेच्या बसगाड्याही येथूनच सुटतात. या सर्वांमध्ये अलीकडे एका नव्या प्रवाशाची भर पडली आहे. तो आपले घरच चाकांवर घेऊन निघतो.

अमेरिकेत अशा वाहनाला आर. व्ही. म्हणतात, युरोपात मोटारहोम आणि आपल्याकडे कॅरॅव्हॅन. झोपण्याच्या फळ्या, छोटी ओट्याची जागा, पाण्याची टाकी, स्नानगृह, सर्व काही एका गाडीत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द मराठी घरांतही ऐकू येऊ लागला. कल्पना मात्र तितकीशी नवी नाही. मागच्या पिढीतील अनेक कुटुंबांनी बजाज टेम्पोची मॅटॅडोर ठरवून, मागे स्टोव्ह, पिठाचा डबा, लोणच्याची बरणी आणि गाद्यांच्या वळकट्या रचून तीर्थयात्रा केल्या. तेही फिरते घरच होते. त्या गाडीत बसताना पाय ठेवायला जागा नसे आणि परत येताना निम्मे सामान जसेच्या तसे बांधलेले परत येई, हेही तितकेच खरे.

आजचा विषय हाच आहे. फिरत्या घरात नको असलेल्या वस्तूंचे करायचे काय? वरवर हा प्रश्न सामान बांधण्याचा वाटतो. वस्तुतः ती वस्तू आपल्या हातून सुटल्यावर कोणाच्या डोक्यावर जाऊन बसते, हा खरा प्रश्न होय.

प्रथम हिशेब पाहू. कोणत्याही वाहनाचे दोन वजन असतात: एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा सांगणारे. या दोहोंतील फरक एवढीच त्या घराची ऐपत. समजा, हा फरक सहाशे किलोचा आहे. पाच माणसे, सरासरी साठ किलोची, म्हणजे तीनशे किलो गेले. पाण्याची टाकी शंभर लिटरची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा आणखी शंभर गेले. शेगडी, भांडी, धान्य, गाद्या आणि किरकोळ अवजारे यांस सव्वाशे धरले, तर उरले पंचाहत्तर. पाच माणसांत वाटणी केली की प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा किलो येतात. देशांतर्गत विमानप्रवासात बहुधा जेवढे सामान पोटात टाकू देतात, तेवढेच! ज्या कुटुंबाने घर सोबत घेतले म्हणून सुटकेचा निःश्वास सोडला, त्याला हा आकडा चकित करतो.

पंधरा किलोंत सर्वांत जास्त जागा आणि वजन कापड खाते. याकडे कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याचे लक्ष आधी जाते, इतरांचे फारसे जात नाही. जाड डेनिमची एक पँट सहा-सातशे ग्रॅम भरते. मलमलीचा सदरा दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. सोलापुरी चादर एकटीच किलोच्या पुढेमागे जाते. त्यातही सुती कापड भिजले की आपल्या वजनाइतके किंवा त्याहून अधिक पाणी धरून ठेवते. पावसाळी हवेत जाड टर्किश टॉवेल दोन दिवस वाळत नाही, म्हणून दुसरा लागतो, मग तिसरा. त्याच ठिकाणी जुन्या वळणाचा पातळ पंचा तासाभरात वाळतो आणि एकट्याने काम भागवतो. तीन जाड टॉवेलांचे काम एका पंचाने होत असेल, तर वाढलेले सामान गरजेने वाढले नसून निवडीने वाढले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु निवड चुकते का? व्यापारात ज्याला पडीक माल म्हणतात, त्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. दुकानाच्या वरच्या फळीवर एखादे थान पाच वर्षे पडून असते. रंग गेलेला, चाल गेलेली. तरी ते निकालात निघत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: ‘एवढ्याला घेतले आहे, पाण्यात कसे घालायचे?’ दिलेली किंमत परत येणार नसते, हे मालकाला पुरते ठाऊक असते. फळीचे भाडे, धूळ झाडणारा हात आणि नव्या मालाची अडलेली जागा यांची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. घरातील वस्तूंचेही असेच घडते. त्यात भर म्हणजे ‘असू द्या, लागेल’ हे वाक्य. घराच्या माळ्यावर या वाक्याची किंमत दिसत नाही. चाकांवरच्या घरात ती प्रत्येक चढाला इंधनातून वसूल होते.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाने मोठे रूप घेतले आहे. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत अनेक वयस्क माणसांना राहते घर परवडेनासे झाले आणि ती गाड्यांमध्ये राहू लागली. जेसिका ब्रूडर या पत्रकार महिलेने त्यांच्यावर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये लिहिले. त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. चित्रपटाची नायिका गाडीत राहायला जाते, पण संसाराचे सामान भाड्याच्या कोठीत ठेवते. तिकडे अशा कोठ्यांचा मोठा धंदाच आहे. महिन्याचे भाडे भरत राहायचे आणि वस्तू पाहायचीही नाही! अखेरीस ती परत येते आणि ते सामान देऊन टाकते. गाडी हलकी करणे तिला पहिल्याच दिवशी जमले होते. कोठी रिकामी करावयास चित्रपट संपावा लागला. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंची संख्या मोजून न करता आसक्तीवरून केली आहे, तिचे मर्म अशा वेळी उमगते.

त्याच देशात ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे लहानसे वाळवंटी गाव आहे. हिवाळ्यात तेथे हजारो फिरती घरे येऊन उतरतात. तेथील मेळाव्यात एक साधी रीत दिसते: ज्याला जी वस्तू नको, ती त्याने एका ठरावीक जागी मांडून ठेवायची, आणि ज्याला हवी त्याने उचलायची. एकाला जड झालेली कढई दुसऱ्याच्या चुलीवर चढते. पैसा नाही आणि उपकारही नाही. यात्रासंघाच्या मुक्कामी असा एक पाट मांडावयास कोणाची हरकत असावी?

आता आपल्या घरातील दाखला पाहू. घर सोडून सतत फिरणाऱ्यांचा सर्वांत जुना आणि सर्वांत शिस्तबद्ध अनुभव साधुसंस्थेजवळ आहे. शेषकाळातील आठ महिन्यांचे आठ कल्प आणि चातुर्मासाचा एक, असा नवकल्पी विहार. सोबत जे काही, ते स्वतःच्या खांद्यावर. दिगंबर मुनींजवळ पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. श्वेतांबर साधु-साध्वींजवळ ओघा, मुहपत्ती, लाकडी पात्रे, मोजकी वस्त्रे, कांबळ. हे सर्वांस माहीत आहे. ज्याकडे कमी लक्ष जाते ते म्हणजे पडिलेहण. सकाळी आणि सायंकाळी, दिवसातून दोन वेळा, जवळची प्रत्येक वस्तू उलगडून, उजेडात धरून पाहावयाची. सूक्ष्म जीवांची रक्षा हा तिचा हेतू होय. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहिल्यास याच नियमामुळे वस्तूंची संख्या आपोआप बांधली जाते. दहा वस्तू रोज दोनदा पाहता येतात, दोनशे पाहता येत नाहीत. दुकानाची मालमोजणी वर्षातून एकदा होते, म्हणून पडीक थान वर्षभर लपून राहते. रोज दोनदा होणाऱ्या मोजणीत लपावयास जागाच उरत नाही.

फिरत्या घरातील गृहस्थाने पडिलेहण जसेच्या तसे करावे, असे सुचविण्याचा हेतू नाही. पण तिसऱ्या मुक्कामी सर्व पेट्या एकदा उघडाव्यात आणि तोवर हात न लागलेल्या वस्तू एका बाजूस काढाव्यात, एवढे तर जमण्यासारखे आहे. औषधे, पावसाळी कपडे आणि टायर बदलण्याची अवजारे यांना या नियमातून वगळावे. त्यांना हात न लागणे हीच कृपा.

बाजूस काढलेल्या वस्तूचे पुढे काय, येथे खरी कसोटी लागते. पाच समित्यांपैकी शेवटची परिष्ठापनिका समिती, म्हणजे परठवण्याचा विवेक. नको असलेली वस्तू कोठे आणि कशी सोडावी, यासाठी एक स्वतंत्र समिती सांगितली आहे, याचे आश्चर्य वाटावे. जागा जीवजंतुरहित हवी, कोणाला बाधा होणार नाही अशी हवी. प्रथम त्या जागेच्या स्वामीची अनुज्ञा मागावयाची. मग यतनेने वस्तू ठेवावयाची. आणि शेवटी तीन वेळा ‘वोसिरे’ म्हणून तिच्यावरील हक्क सोडावयाचा. टाकणे आणि परठवणे यांतील अंतर या तीन पायऱ्यांत आहे. खंडाळ्याच्या घाटात धावत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर उडालेली पिशवी ही कोणालाही न विचारता, न पाहता सुटलेली असते. तिला फेकून देणाऱ्याची सुटका होते. माकडाची, गाईची आणि ओढ्याची होत नाही.

या कसोटीवर काही वस्तू सहज पार पडतात. उरलेले धान्य मुक्कामाच्या धर्मशाळेच्या कोठारात, व्यवस्थापकाला विचारून, द्यावे. वाचून झालेले पुस्तक तेथील ग्रंथालयात द्यावे. संपलेले सेल, बॅटऱ्या, फुटके मोबाईल हे वाटेवर कोठेही न सोडता परत घरी आणावेत आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. अर्धवट वापरलेली औषधे तर वाटेतल्या खेड्यात कोणालाही देऊ नयेत. त्यांची मुदत आणि मात्रा घेणाऱ्यास कळत नाही, आणि दयेपोटी अपाय घडतो.

जुन्या कपड्यांबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलावयास हवे, कारण कपडा ही सर्वांत सहज दिली जाणारी आणि सर्वांत कमी विचार करून दिली जाणारी वस्तू आहे. एके काळी बोहारीण दारावर येई, जुने लुगडे उलटसुलट करून पाही, फाटके निघाले तर परत करी आणि पातेल्यासाठी आणखी दोन कपडे मागे. तिच्या घासाघिशीत एक प्रामाणिकपणा होता: निरुपयोगी वस्तू ती घेत नसे. दानात अशी घासाघीस नाही, म्हणून वाटेल ते दिले जाते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. अंशु गुप्ता यांच्या ‘गूंज’ संस्थेने ते उचलून, निवडून, वापरात आणण्याचे काम केले. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाच्या दुसऱ्या टोकाला, चिलीच्या अटाकामा वाळवंटात, श्रीमंत देशांनी नकोसे केलेल्या कपड्यांचे डोंगर उभे राहिले आहेत. हरियाणातील पानिपत येथे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात व कांबळी विणतात. तो मार्ग त्यातल्या त्यात बरा. परंतु वाटेवरच्या वाडीत गाडी थांबवून झगमगीत साड्यांचे गाठोडे उतरविणे आणि छायाचित्र काढून पुढे जाणे, याला दान म्हणावे की सामान उतरविणे म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

येथे पुन्हा कासारवाडीच्या रस्त्याकडे वळणे उचित ठरेल, कारण देणाऱ्याची बाजू या गावाने दरवर्षी पाहिली आहे. पालखी येथून जाते तेव्हा वारीचा आरंभ असतो. देहू ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट बहुतांशी पुढे उरलेली असते. वारकऱ्याचे सामान त्याच्या दिंडीच्या ट्रकवर असते: एक वळकटी, एक पिशवी, झाले. तो ट्रक म्हणजे शे-दोनशे माणसांचे फिरते घर. त्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि दिंडीत जादा सामानाला मुभा नसते. अशा माणसाच्या हातात रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले भाविक प्रेमाने बिस्किटांचे पुडे, टोप्या, पिशव्या, रेनकोट देत राहतात. पहिला रेनकोट आशीर्वादासारखा वाटतो. चौथ्याचे काय करावे? तो पुढल्या चौकात कठड्यावर ठेवला जातो आणि रात्री महापालिकेचा झाडूवाला तो गोळा करतो. देणाऱ्याचे पुण्य त्याच्या घरी पोहोचते, वस्तू मात्र कचरागाडीत.

याउलट काही मंडळी तुटलेल्या चपला शिवून देतात, पाय चेपतात, दाढी करून देतात, फोड आलेल्या तळव्याला मलमपट्टी करतात. ही सेवा घेऊन वारकरी पुढे निघतो तेव्हा त्याचे ओझे एक तोळाही वाढलेले नसते. प्रवाशाला द्यावयाचे ते असे द्यावे. विहारातील साधु-साध्वींच्या बाबतीत तर हे अधिकच लागू आहे. कल्पत नाही हे ठाऊक असूनही आग्रहाने कांबळी, ग्रंथ, तसबिरी पुढे केल्या जातात. मग त्या वाहण्यासाठी सोबत गाडी लागते, गाडीसाठी चालक लागतो आणि पायी विहाराच्या मागोमाग एक संसार चालू लागतो. श्रद्धा श्रावकाची, भार मात्र संयमावर! यात साधूंपेक्षा गृहस्थांनी आत्मपरीक्षण करणे अधिक योग्य.

प्रवासाच्या मध्यावर सामान परत पाठविण्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. २९ ऑगस्ट १९३१ रोजी महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ या आगबोटीने मुंबईहून निघाले. सोबत महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन आणि देवदास होते. विलायतेच्या थंडीसाठी हितचिंतकांनी दिलेल्या वस्तूंनी सामान फुगले होते. बोट समुद्रात शिरल्यावर गांधीजींनी त्याची झडती घेतली. गरिबांचा प्रतिनिधी असे सामान घेऊन जात नाही, अशी त्यांची भूमिका होती. एडन बंदर येताच जादा ट्रंका उतरवून हिंदुस्थानात परत पाठविण्यात आल्या. त्या समुद्रात फेकल्या नाहीत, बंदरावर सोडल्या नाहीत, ज्यांच्या होत्या त्यांच्या दिशेने परत गेल्या, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांच्या जीवनावर जवाहिऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांचा खोल ठसा होता, त्यांच्याकडून ते घडले.

त्याहीपूर्वी, १९०१ मध्ये नाताळहून मायदेशी निघताना तेथील समाजाने त्यांना सोन्याचांदीचे व हिऱ्यांचे अलंकार भेट दिले होते. रात्र तळमळत काढून गांधीजींनी त्यांचा समाजासाठी विश्वस्तनिधी करण्याचे ठरविले व पारशी रुस्तमजी प्रभृतींना विश्वस्त नेमले. कस्तुरबांनी मात्र कडाडून विरोध केला. एक हार त्यांना स्वतःला मिळाला होता. उद्या सुना येतील त्यांना काय देऊ, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला हसणे सोपे आहे. घरातील वस्तू कमी करण्याचा निर्णय बहुधा पुरुष घेतो आणि ती वस्तू सांभाळलेली असते बाईने, हे शंभर वर्षांनंतरही फारसे बदललेले नाही.

फिरत्या घराच्या तयारीत हा प्रसंग हटकून येतो. आजीची जुन्या नऊवारीची, हाताने शिवलेली गोधडी तीन किलो भरते. हिशेबात ती बसत नाही. मुलगा वजन सांगतो, सून जागा दाखविते, आणि आजी काहीच बोलत नाही. अशा वेळी काट्याने निकाल देऊ नये. दोन डेनिमच्या पँटी आणि तिसरा टॉवेल उतरवावा, गोधडी चढवावी. जो आपल्या वाट्याच्या पंधरा किलोंतून दुसऱ्याच्या वस्तूसाठी जागा करतो, त्याची अपरिग्रहाकडे जाणारी वाट दुसऱ्याची वस्तू उतरविणाऱ्यापेक्षा जवळची. वस्तू सोडावयाची ती स्वतःची. दुसऱ्याची वस्तू सोडण्याचा अधिकार कोणत्याही व्रताने दिलेला नाही.

श्रावकांसाठी सांगितलेल्या चौदा नियमांत द्रव्य, वाणह म्हणजे पादत्राणे, वस्त्र, वाहन आणि शयन यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. रोज सकाळी त्या त्या दिवसापुरती मर्यादा धारावयाची आणि सायंकाळी तपासावयाची. प्रवासी कुटुंबाने घरातील सर्वांसमवेत, अगदी मुलांसह, गाडी सुटण्यापूर्वी ही मर्यादा मोठ्याने बोलून दाखवावी: आज किती वस्त्रे, किती जोडे, किती अंथरुणे. मुलांना हा खेळ वाटतो आणि दोन दिवसांत तीच मोठ्यांचे जोडे मोजू लागतात.

दिगंबर परंपरेत चातुर्मासानंतर पिच्छी-परिवर्तनाचा सोहळा होतो. मोरांनी आपसूक गाळलेल्या पिसांची ती पिच्छी वर्षभराच्या वापराने कठीण होते, तिचा मऊपणा जातो. मुनी नवी स्वीकारतात. जुनी पिच्छी मात्र ज्याने त्या दिवशी संयमाचा नियम घेतला असेल, अशाच श्रावकाच्या हाती देण्यात येते. नियम न घेणाऱ्याला ती मिळत नाही. पुढे मुनींचा विहार सुरू होतो, आणि ती झिजलेली पिच्छी त्या घराच्या देव्हाऱ्याजवळ, घेतलेल्या नियमासह, राहते.